घाणा क्रमांक ७४२

४ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. बस, आणि मामीलाही शेजारी बसव, म्हणजे माझी कोंबडीच्या पायाची अक्षरं तुम्हा दोघांत मिळून लागतील. तुझ्या कानांनी फोनशी कायमची कट्टी घेतल्यापासून तुला काही सांगायचं म्हणजे माझी बोटं दुखतात. पण आजची बातमी बोटं मोडली तरी लिहिणार!

मंगळवारी सकाळी आमच्या धावपट्टीवर एका विमानाचं डावं इंजिन फुटलं. अक्षरशः फुटलं, मामा! विमान उडण्यासाठी वेग घेत होतं, चाकं अजून जमिनीवर होती. पुढचा पंखा ज्या जाड चकतीवर बसवलेला असतो, ती चकतीच फिरताफिरता दुभंगली. एक तुकडा कुंपणापलीकडच्या गवतात हातभर खोल रुतलेला सापडला. दुसरा विमानाच्या पोटाला चिरा पाडून गेला. वैमानिकाने कचकचून ब्रेक लावले. एकशे चौदा माणसं घसरगुंडीवरून खाली आली. सतराव्या रांगेतल्या एका बाईंचा खांदा जायबंदी झाला, बाकी सगळी धडधाकट. आणखी दहा सेकंद उशीर झाला असता तर विमान हवेत असतं. पुढचं मी लिहीत नाही.

आता खरी गंमत ऐक. म्हणजे गंमत नाही, पण तुला कळेल. तुटलेल्या कडेवर भिंगाखाली एक ठिपका सापडला, तिळाच्या निम्मा. पहिल्यांदा धातू वितळवला तेव्हापासून तो कठीण कण आत होता. वरून दिसत नव्हता. प्रत्येक उड्डाणाबरोबर त्याच्याभोवती तडा केसाकेसाने वाढत गेला. म्हणून आता त्याच घाण्यातून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतून, निघालेल्या सगळ्या चकत्या तपासायच्या आहेत, आणि ध्वनिलहरींनी आतले तडे शोधणाऱ्या पथकात मोठ्या बाईंनी मला घेतलंय! मोठ्या बाई म्हणजे आमच्या तपासणीप्रमुख. त्यांनी हाक मारली की इंजिनसुद्धा सरळ उभं राहतं.

आणि मामा, तो घाणा कुठला? तुमच्या कारखान्याचा! क्रमांक ७४१, अकरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा तू तिथेच होतास ना? सांग ना, कसं करायचात ते सगळं? मी पथकात फुशारकी मारून ठेवली आहे की माझा मामा तिथला सगळ्यात चांगला वेल्डर होता.

तुझी,
खारूताई


९ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीने दोनदा मोठ्याने वाचलं, मी दोन्ही वेळा तिच्या ओठांकडे बघून मान डोलावली, आणि मग गुपचूप स्वतः वाचलं. तू इंजिनात शिरतेस याचं मला नवल नाही. लहानपणी आमच्या कपाटामागे शिरून अडकली होतीस, तेव्हा कपाट सरकवायला चार माणसं लागली होती.

तपासणीबद्दल दोन शब्द. पडद्यावरची रेघ सपाट दिसली म्हणून पटकन हात उचलू नकोस. तोच भाग दुसऱ्या बाजूने बघ, तिसऱ्या बाजूने बघ. धातू खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय बोलतही नाही.

कारखान्याचं काय सांगू. काम तसं सोपं. धातूच्या भुशाच्या दाबून विटा करायच्या, विटा एकीला एक जोडून माणसापेक्षा उंच कांब करायची, ती भट्टीत टांगून वितळवायची. एका कांबीचा एक घाणा, एका घाण्याच्या आठ चकत्या. विटा जोडायचं काम माझं. बाकी आता काही आठवत नाही. माणूस निवृत्त झाला की आकडे पहिले पळतात.

सातशे एक्केचाळीसच ना? त्याच्या पुढचा नाही ना?

मामी म्हणते, जेवणाची हेळसांड करू नकोस.

मामा


१५ मार्च

मामा! मामा! मामा!

सापडला! तडा सापडला, आणि मला सापडला!

पहिल्यापासून सांगते. आठातली एक चकती फुटली, म्हणजे उरल्या सात. शुक्रवारी चौथी समोर आली. ते विमान शनिवारी सकाळी सुटणार होतं, तिकिटं विकून झालेली. मी चकतीवर तेल लावून तपासणीची कांडी फिरवत होते. रेघ सपाट. तुझं वाक्य डोक्यात होतं म्हणून तोच भाग उलट्या बाजूने बघितला. पुन्हा सपाट. तिसऱ्यांदा तिरक्या कोनातून कांडी लावली आणि रेघेने टुणकन उडी मारली. लहानशी उसळी, मामा, उंदराच्या कानाएवढी!

माझ्या शेजारच्या तंत्रज्ञाने बघितलं आणि म्हणाला, "तेलातला बुडबुडा असेल."

मी पुसलं, परत लावलं. उसळी तिथेच. मग मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, स्वतः कांडी फिरवली, पुसली, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवली. मला वाटलं, मी सगळ्यांचा वेळ फुकट घालवला. विमान कंपनीचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "बाई, उद्या सकाळी एकशे वीस माणसं रांगेत उभी असणार आहेत."

बाई म्हणाल्या, "ती रांगेत उभी राहिली तर पाय दुखतील, एवढंच. चकती उतरवा."

चकती उतरवली, प्रयोगशाळेत कापली. तडा सव्वा बोट लांब! आणि त्याच्या मुळाशी तोच तिळाच्या निम्मा ठिपका. अख्ख्या हँगरने टाळ्या वाजवल्या. तो बुडबुडेवालाही वाजवत होता. मी भोकाड पसरून रडले आणि वर हसतही होते. बाईंनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "उद्या सुट्टी घे." मी घेतली नाही. उरलेल्या तिन्ही तपासल्या. स्वच्छ निघाल्या. यादी संपली, फाईल बंद झाली!

पण रात्रभर एक गोष्ट टोचत राहिली. मी तुला ७४१ लिहिलं होतं. तू पुढच्या आकड्याचं का विचारलंस? ज्याला काही आठवत नाही त्याला पुढचा आकडा कशाला हवा?

खारूताई


१८ मार्च

चि. खारूताई,

शाबास. फाईल बंद झाली म्हणतेस तर बंद राहू दे.

मामीला ताप आहे, लिहायला सवड नाही.

मामा


२१ मार्च

मामा,

काल मामीचा फोन आला. ती ठणठणीत आहे. बाजारातून दोन पिशव्या उचलून आणल्या म्हणाली. ताप आलाय तो तुला. तू दोन दिवस धड जेवला नाहीस, दिवसभर गॅलरीत बसून आकाशाकडे बघतोस, आणि एखादं विमान गेलं की उठून उभा राहतोस.

मी घाणा क्रमांक ७४२ शोधला. त्याच्याही आठ चकत्या आहेत, आठ विमानांत, आणि आठही विमानं आज उडताहेत. मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मुली, त्या घाण्याची सगळी कागदपत्रं साफ आहेत. तुझ्या मामाने एका पत्रात एक प्रश्न विचारला, एवढ्यावर आठ विमानं खाली बसवता येत नाहीत. मला कारण आण. त्याच्याकडून लेखी आण."

मी तुझ्यावर आत्ता रागावत नाही, पुढे रागावेन कदाचित. पण रोज सकाळी मी माणसांना पायऱ्या चढून त्या विमानांत बसताना बघते. कुणाच्या हातात फुलं असतात, कुणाच्या कडेवर पोर असतं, कुणी आत जाताना मागे वळून हात हलवतं. आणि मी खाली उभी असते, त्यांना थांबवायला खिशात एकही कागद नसलेली.

मला कारण दे, मामा. आज दे.

खारू


२३ मार्च, सकाळ

खारू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मामी पहिल्या गाडीने घेऊन निघते आहे. काल तिला सगळं सांगितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठली. मला वाटलं, स्वयंपाकघरात गेली. बघतो तर पिशवी भरत होती.

आता नीट वाच. तुझ्या बाईंना दाखवायचंय म्हणून सरळ लिहितो.

विटा जोडायचं काम एका बंद पेटीत चालतं. पेटीतली हवा काढून दुसरा वायू भरतात, कारण तापलेल्या टायटॅनियमला, म्हणजे आमच्या धातूला, हवा लागली की त्यात एक कठीण कण धरतो, आणि तो दोनदा वितळवूनही विरघळत नाही. हवा लागली हे ओळखायला पंडित लागत नाही. सांधा चांदीसारखा असला की उत्तम. पिवळा पडला की सावध. निळा झाला की कांब बाद. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

त्या घाण्याच्या आदल्या दिवशी पेटीच्या नळीचा जोड फुसफुसत होता. मला ऐकू आलं होतं, तेव्हा माझे कान शाबूत होते. बदलायचा कंटाळा केला, वर पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सातशे एक्केचाळीसच्या कांबीचे दोन सांधे निळे झाले. मी पाळीप्रमुखाला बोलावलं. ते आता हयात नाहीत, म्हणून त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे, पण घडलं तसं सांगतो.

ते म्हणाले, "किती सांधे?"

"दोन."

"घासून टाक. दोनदा वितळतं ते, काय उरणार आहे त्यात?"

मी तारेचा ब्रश घेतला आणि घासून सांधे चकचकीत केले. कागदावर त्यांनी सही केली.

मग त्याच पाळीत, त्याच पेटीत, त्याच नळीने सातशे बेचाळीसची कांब जोडली. तिचा वरून तिसरा सांधा निळा झाला. या खेपेला पाळीप्रमुख तिथे नव्हते. मला कुणी काही सांगितलं नाही. मी आपणहून ब्रश उचलला.

का, ते विचारशील. चार वर्षं माझी एकही कांब बाद झाली नव्हती. भिंतीवर माझं नाव लावलं होतं. ते उतरू नये, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

नळी मी त्याच संध्याकाळी बदलली. त्यानंतर निळा सांधा झाला नाही. अकरा वर्षांत काही झालं नाही, तेव्हा वाटलं, पाळीप्रमुख बरोबर म्हणत होते. मग तुझं पत्र आलं. त्यात तू किती आनंदात होतीस. ते अक्षर बघून माझी लिहायची हिंमत झाली नाही, आणि तुझ्या पत्राच्या तारखेपासून एकोणीस दिवस गेले. ते एकोणीस दिवसही माझ्याच नावावर धर.

खाली पूर्ण सही केली आहे. कुणीही बोलावलं तर येतो.

मामा


२६ मार्च

मामा,

मामी २३ तारखेलाच दुपारी साडेबाराला हँगरच्या फाटकाशी आली. पहारेकऱ्याने अडवलं तर त्याला म्हणाली, "बाळा, मला आत सोड, नाहीतर तुझ्या विमानांना मीच बाहेरून हात करून थांबवते." त्याने मला बोलावलं. मी पत्र वाचलं, पुढे काही बोलायच्या आत पळत मोठ्या बाईंकडे गेले.

बाईंनी ते एकदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचलं. मग फोन उचलला. मामा, मी त्यांना आजवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं! "समितीबिमिती नंतर! आधी विमानं खाली घ्या! हो, मी म्हणते! लिहून घ्या, मी म्हणते!"

पाऊण तासात सात विमानं जिथल्या तिथे थांबली. आठवं हवेत होतं.

ते आमच्याकडेच येत होतं. उतरायला एक तास दहा मिनिटं, खाली समुद्र, वाटेत दुसरी धावपट्टी नाही. वैमानिकाला कळवलं, चकती डाव्या इंजिनात आहे, त्यावर कमीत कमी भार ठेवून या. आम्ही सगळे बाहेर जाऊन उभे राहिलो. अग्निशामक गाड्या धावपट्टीच्या कडेला लागल्या. मामी माझा दंड धरून उभी होती, अजून वळ आहेत. बुडबुडेवाला तंत्रज्ञ उगीचच टोपी काढत होता, घालत होता.

मग ढगांखाली ठिपका दिसला. मोठा झाला. चाकं बाहेर आली. मी श्वास धरला तो चाकं टेकेपर्यंत, आणि नंतरही सोडायला विसरले. उतरलं, मामा! अलगद, लोण्यात सुरी गेल्यासारखं! माणसं खाली उतरली. एक आजोबा वैतागून म्हणाले, "विमान इतकं हळू आणलंत, माझी पुढची गाडी चुकली." मोठ्या बाई पुढे झाल्या, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चुकू दे आजोबा, चुकू दे." ते बावचळून बघत राहिले.

इंजिन गार व्हायचीही धड वाट बघितली नाही. कांडी मी लावली. वरून, खालून, काही नाही. तिरकी लावली, आणि उसळी! या खेपेला उंदराचा कान नव्हता, सशाचा होता! कापल्यावर तडा दोन बोटं भरला. किती उड्डाणं उरली होती ते बाईंना विचारलं. म्हणाल्या, "वीस असतील, दोन असतील. मोजायला मिळालं नाही हे बरं." बाकीच्या सातांपैकी आणखी एकीत ठिपका निघाला, तडा नुसता सुरू झालेला. सहा स्वच्छ.

हे सगळं तुझ्या पत्राने झालं. आणि हे सगळं तुझ्या ब्रशने झालं. मला दोन्ही एकदम धरता येत नाही, मामा. आनंदाने नाचावंसं वाटतं आणि मधेच तुझा इतका राग येतो की हातातला पाना फेकावासा वाटतो. सतराव्या रांगेतल्या बाई शिवणकाम करतात. त्यांचा हात पूर्वीसारखा वर जाणार नाही.

पण तू लिहिलंस. कुणी धरून आणलं नव्हतं तुला.

तुला चौकशीला बोलावणार आहेत. खरं ते सगळं सांग. आणि जेव.

खारू


६ एप्रिल

चि. खारूताई,

काल कारखान्यात चौकशी झाली. आधी घाबरलो होतो. मामीने माझ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली, म्हणजे ती जास्त घाबरली होती.

टेबलापलीकडे पाच माणसं होती. मला ऐकू येत नाही म्हणून ते प्रश्न कागदावर लिहून पुढे सरकवत, मी तोंडाने उत्तर देत असे. बहिऱ्या माणसाचा आवाज किती मोठा लागतो ते मला कळत नाही. बहुतेक खालच्या रस्त्यापर्यंत माझा गुन्हा पोचला असेल. शेवटी कागद आला: "निळा म्हणजे नक्की कसा निळा?"

मी म्हटलं, "कागदावर सांगता येणार नाही. पेटी द्या, दाखवतो."

मग सगळे मला जुन्या विभागात घेऊन गेले. भिंतीवरची माझ्या नावाची पाटी तीन दिवसांपूर्वी उतरवली होती, मागचा रंग ताजा दिसत होता. आता तिथे वेल्डिंग करणारी एक तरुण मुलगी आहे, तुझ्याच वयाची. तिने मला हातमोजे आणि चष्मा दिला. सहा वर्षांनी यंत्र हातात घेतलं. पहिली वीट वाकडी बसली, दुसऱ्या विटेला हात हाताच्या ठिकाणी आला. खारू, खोटं कशाला बोलू, मला तिथे फार बरं वाटलं. पहिला सांधा चांदीचा काढला. मग नळी मुद्दाम थोडी ढिली केली, सांधा पिवळा झाला. आणखी ढिली केली, आणि आला तो निळा. मी तारेचा ब्रश मागितला, चार वेळा घासलं. सांधा चांदीसारखा चमकायला लागला. पाचही जणांच्या हातात दिला. कुणालाच फरक ओळखता येईना.

आणि तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी आपला ब्रश हातात धरून उभा. बघतो तर सगळे त्या मुलीकडे बघत होते, आणि तिचे ओठ हलत होते. त्या पाचांतले मोठे साहेब पुढे गेले, तिला बसायला स्टूल दिलं. मी शेजारच्या माणसाला खूण करून विचारलं, काय म्हणाली? त्याने कागदावर लिहून माझ्यापुढे धरलं.

"म्हणते, हा निळा मी पाहिला आहे. गेल्या वर्षी. मीही घासला."

तिच्यापाशी गेलो. स्टुलाशेजारी उभा राहिलो. तिने वर बघितलं आणि मला दिसेल असं सावकाश ओठ हलवून विचारलं, "आता माझं काय होईल?"

मी म्हटलं, "बोलणी खाशील. मी अकरा वर्षांनी खातोय, तू एका वर्षाने खा. आधी आकडा सांग."

तिने सांगितला. ९०८. साहेब तिथूनच फोनकडे धावले, त्यामुळे तुमच्याकडे निरोप या पत्राच्या आधी पोचला असेल.

आज शिवणकाम करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. तीन फाडली, चौथं पाठवलं. उत्तराची अपेक्षा नाही.

मामा


११ एप्रिल

प्रिय मामा,

घाईत आहे, हात तेलाने माखलेत, डाग पडले तर मामीला सांग की ते प्रेमाचे आहेत.

९०८ च्या आठही चकत्या सापडल्या! पाच अजून इंजिनात बसल्याच नव्हत्या, गोदामात लाकडी पेट्यांत होत्या. तीन उडत होत्या, त्या निरोप आला त्याच दुपारी उतरवल्या. काल संध्याकाळपर्यंत सगळ्या तपासून झाल्या. दोन चकत्यांत ठिपका निघाला. तडा एकीतही नाही, मामा! एकीतही नाही! सुरूच झाला नव्हता!

मी ओरडले तेव्हा मोठ्या बाई जिन्यावर होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय गं?" मी दोन्ही हात वर करून नुसतीच उड्या मारत राहिले. त्या पायऱ्या उतरून आल्या, स्वतः पडदा बघितला, आणि सगळ्या हँगरसमोर माझ्याबरोबर एक उडी मारली. एकच, पण मारली.

चौकशीचा कच्चा अहवालही आलाय. दोष कुणाचा, या मथळ्याखाली पहिलं नाव तुझं आहे. मी ते वाचलं. वाईट वाटलं, आणि ते बरोबर आहे असंही वाटलं. त्या वेल्डर मुलीला कामावरून काढलेलं नाही. आता प्रत्येक सांध्याचा रंग घासण्याआधी दोघांनी बघायचा आणि दोघांनी सही करायची, असा नियम झालाय.

रविवारी मला सुट्टी आहे, या वेळी खरोखर घेणार. सकाळच्या विमानाने येते. आसन मुद्दाम डाव्या इंजिनाच्या शेजारचं मागून घेतलंय, कारण त्याची चकती मी स्वतः तपासली आहे. मामीला सांग, भूक घेऊन येते आहे. आणि तू गॅलरीत उभा राहा. साडेनवाच्या सुमाराला वर बघ.

तुझी,
खारूताई